सव्वीस तालुके, एक कपाट

ग्रंथालयात ई-पुस्तकांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. छापील पुस्तकाची प्रत एकच असते, ती एकानं नेली की दुसऱ्यानं थांबायचं, हे समजतं. पण ई-पुस्तक ही तर फाइल. तिच्या हजार प्रती क्षणात निघतात. मग एका ग्रंथालयानं ती एकदा विकत घेतली की नांदेड-लातूरच्या सगळ्या वाचकांना एकदम का मिळू नये? त्यातही रांग कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना ग्रंथालयांनी एकत्र का यायचं आणि एकत्र येऊन नेमकं काय करायचं, हेही आपोआप कळत जातं.

१. ग्रंथालय ई-पुस्तक विकत घेतच नाही

छापील पुस्तक घेतलं की ती प्रत ग्रंथालयाच्या मालकीची होते. दाखल नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो, पाठीवर लेबल चिकटतं. ती कुणाला किती वेळा द्यायची, यात प्रकाशकाचा पुढं काही संबंध उरत नाही. बांधणी निसटली तर पुन्हा बांधून घ्यायची आणि वीस वर्षं फिरवायची.

ई-पुस्तकाबाबत ग्रंथालयाला मिळतो तो परवाना. त्याला मुदत असते, अटी असतात. सर्वांत जास्त आढळणारी अट म्हणजे एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक. पुस्तक वाचकाच्या फोनवर उतरतं, ठरलेले दिवस संपले की आपोआप बंद होतं आणि मग पुढच्याला मिळतं. म्हणजे फाइल एकच असली तरी तिला छापील प्रतीसारखं वागायला लावलेलं असतं. दंड मात्र नाही, कारण पुस्तक उशिरा परत करताच येत नाही.

प्रकाशकाची बाजूही खोटी नाही. २०२० च्या टाळेबंदीत मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवरून सर्रास फिरल्या, लेखक-प्रकाशक हवालदिल झाले. एक फाइल सगळ्यांना कायमची फुकट मिळाली, तर पुढचं पुस्तक छापायला पैसा कुठून आणायचा? एका वेळी एक वाचक ही अट या भीतीतून आलेली तडजोड आहे.

आपण स्वतःसाठी किंडलवर किंवा बुकगंगावर घेतलेलं ई-पुस्तक हा आणखी वेगळा मामला. ते वैयक्तिक वाचनासाठी असतं. ग्रंथपालानं आपल्या खात्यावर घेऊन सभासदांत फिरवलं, तर ती देवघेव नियमात बसत नाही. ग्रंथालयाचा परवाना वेगळा असतो आणि बहुधा महागही.

२. चौदा दिवसांचं गणित

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २००३ मध्ये ओव्हरड्राइव्ह या कंपनीच्या मदतीनं ई-पुस्तकं घरपोच द्यायला सुरुवात केली. पुढं ही पद्धत पसरली आणि प्रकाशक सावध झाले. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सनं नियम काढला, की एक परवाना सव्वीस वेळा दिला की संपला, पुन्हा पैसे भरा. सव्वीसच का? पुस्तक चौदा दिवसांसाठी दिलं, तर वर्षात सव्वीस पाळ्या होतात.

हा आकडा आपल्याकडे लावून पाहा. नांदेड जिल्ह्याचे सोळा तालुके, लातूरचे दहा, मिळून सव्वीस. किनवटपासून निलंग्यापर्यंत प्रत्येक तालुक्यातल्या फक्त एका वाचकानं एकच ई-पुस्तक पाळीनं वाचायचं ठरवलं, तरी शेवटच्याची पाळी संपायला पूर्ण वर्ष लागेल. एक परवाना म्हणजे सगळ्यांची सोय, ही समजूत इथंच गळून पडते.

म्हणून ई-पुस्तकं सांभाळणारे ग्रंथपाल रांगेवर डोळा ठेवून असतात. एका परवान्यामागे किती जण थांबले की दुसरा घ्यायचा, याचं प्रमाण आधीच ठरवतात. समजा पाच ठरवलं. मग शेवटच्याला जास्तीत जास्त सत्तर दिवस थांबावं लागेल. प्रमाण दहा केलं तर पैसे वाचतील, पण तो एकशेचाळीस दिवस थांबेल, आणि तोवर बहुतेकांची वाचायची ऊर्मीच विझलेली असते. पैसा आणि प्रतीक्षा यांतलं किती सोसायचं, हा निर्णय संगणक घेत नाही. तो माणसांनी बसून घ्यावा लागतो.

३. एकट्याच्या खिशात किती?

मराठवाड्याला ग्रंथालयाचा कायदा राज्यव्यापी कायद्याच्या आधीच मिळाला, तो हैदराबाद राज्याचा १९५५ चा. नंतर संपूर्ण राज्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ आला. या कायद्याची ठेवण लक्षात घेण्यासारखी आहे. त्यात ग्रंथालय-उपकर नाही. शासकीय जिल्हा ग्रंथालयं सोडली, तर गावोगावची ग्रंथालयं सरकार चालवत नाही. स्थानिक मंडळी संस्था नोंदवतात, कार्यकारी मंडळ नेमतात, आणि सरकार अ, ब, क, ड असा वर्ग पाहून अनुदान देतं.

ते अनुदान किती? २०२२-२३ पासून साठ टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाचं वार्षिक अनुदान ३०,००० रुपयांवरून ४८,००० झालं. म्हणजे महिन्याला चार हजार. यात ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि नवी पुस्तकं. या पैशात संध्याकाळी दार उघडून दिवा लावणारा माणूस टिकून राहतो, हीच त्याच्या निष्ठेची गोष्ट आहे, आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

आता एक कल्पित हिशेब. समजा एका नव्या कादंबरीचा दोन वर्षांचा परवाना १,५०० रुपयांना पडतो. मुखेड तालुक्यातल्या एखाद्या ‘ड’ वर्ग ग्रंथालयानं तो घेतला आणि दोन वर्षांत पाच जणांनी वाचला, तर एका वाचनाला ३०० रुपये पडले. त्यापेक्षा छापील पुस्तक परवडलं. तोच परवाना सव्वीस ग्रंथालयांनी मिळून घेतला, तर प्रत्येकी ५८ रुपये आले. दोन वर्षांत बावन्न पाळ्या पूर्ण झाल्या, तर एका वाचनाला २९ रुपयेही नाहीत.

त्याहून मोठा फायदा निवडीचा. सव्वीस ग्रंथालयांनी प्रत्येकी वीस परवाने स्वतंत्रपणे घेतले, तर बहुतेक सगळे तीच वीस पुस्तकं घेतील, पुरस्कार मिळालेली आणि चर्चेतली. खर्च ५२० परवान्यांचा, पण वाचकासमोर पुस्तकं वीस. एकत्र बसून ठरवलं, की चर्चेतल्या वीस पुस्तकांचे सहा-सहा परवाने घेऊ, तर १२० झाले. उरलेल्या ४०० मध्ये ४०० वेगळी पुस्तकं येतील. पैसा तेवढाच, पण जळकोटच्या वाचकासमोर आता ४२० पुस्तकं आहेत.

४. सामाईक विहिरीची पाळी

आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते, शेतं वेगळी होतात, पण विहीर सामाईक राहते. सातबाऱ्यावर तशी नोंद असते आणि पाण्याच्या पाळ्या ठरतात. विहीर चालते ती पाण्यापेक्षा बोलीवर. कुणाची पाळी कधी, मोटर जळाली तर खर्च कुणाचा, आणि ज्याचं क्षेत्र मोठं त्यानं जास्त उपसा करायचा का? सामाईक ई-पुस्तकसंग्रहाचे सगळे तंटे हेच असतात.

पहिला तंटा वर्गणीचा. वापरावर वर्गणी ठरवावी, हे वरकरणी न्यायाचं वाटतं. पण तसं केलं, तर जे ग्रंथालय खटपट करून वाचक वाढवील, त्यालाच जास्त भरावं लागेल. म्हणून मला वर्गाप्रमाणे वर्गणी योग्य वाटते. ‘अ’ वर्गानं जास्त, ‘ड’ वर्गानं नाममात्र, आणि वाचकाला हक्क मात्र सारखा.

दुसरा तंटा उपशाचा. लातूर शहर परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभर ओळखलं जातं. बाहेरगावची हजारो मुलं तिथं राहतात, अभ्यासिका ओसंडून वाहतात. खरेदी निव्वळ मागणीवर सोडली, तर वर्षभराचा सगळा पैसा स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांवर जाईल आणि औशाच्या निवृत्त शिक्षकानं मागितलेलं चरित्र कधीच येणार नाही. परदेशांत एकत्र आलेल्या ग्रंथालय-संघांनी यावर तोड काढली आहे. सामाईक संग्रह सगळ्यांचा, पण एखाद्या ग्रंथालयाला आपल्या वाचकांची रांग लवकर हलवायची असेल, तर त्यानं स्वतःच्या पैशानं जादा परवाने घ्यावेत. ते आधी त्याच्या सभासदांना मिळतात. त्याच्याकडे कुणी थांबलेलं नसेल, तेव्हा तोच परवाना इतरांना खुला करता येतो. लातूरनं आपल्या मुलांसाठी असे राखीव परवाने घेतले, तर विहिरीला धक्का लागत नाही.

यापलीकडे आणखी एक नियम हवा. निधीचा ठरावीक वाटा मागणी कितीही असो, बालवाचन, शेती आणि सीमाभागातल्या भाषांसाठी बाजूला ठेवायचा. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू-कन्नड घरात बोलणारे वाचक आहेत, नांदेड आणि उदगीरमध्ये उर्दू वाचणारे आहेत. एकेका गावात ते मोजकेच भरतात, म्हणून त्यांच्यासाठी कपाट लावायला कुणी धजत नाही. सव्वीस तालुके मिळून मोजले, की त्यांची संख्या डोळ्यांत भरेल.

५. सही कुणाची?

प्रकाशक पुण्याला किंवा मुंबईला. तो सव्वीस संस्थांशी सव्वीस करार करणार नाही. त्याला एक सही लागते. डेन्मार्कमध्ये २०११ साली ग्रंथालयांनी मिळून एकच ई-पुस्तकसेवा उभी केली. वर्ष-सव्वा वर्षात बरेच मोठे प्रकाशक तिच्यातून बाहेर पडले, कारण फुकट वाचनानं विक्री बुडेल असं त्यांना वाटलं. बोलणी चालू राहिली आणि नव्या अटींवर ते परतले. फिनलंडमध्ये २०२४ पासून राष्ट्रीय ग्रंथालय बहुतेक नगरपालिकांसाठी एकच सामाईक ई-ग्रंथालय चालवतं.

उलटा प्रकारही घडला. अमेरिकेत मॅकमिलननं नोव्हेंबर २०१९ पासून ठरवलं, की नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-यंत्रणेला एकच प्रत. यंत्रणा छोट्या गावाची असो की लाखो वाचकांची, प्रत एकच! एकत्र येणाऱ्यांनाच त्याचा सर्वांत जास्त फटका होता. ग्रंथालयांनी खरेदीवर बहिष्कार घातला आणि मार्च २०२० मध्ये कंपनीनं तो नियम मागे घेतला. एकट्या ग्रंथालयाच्या बहिष्काराची दखल कुणी घेतली नसती.

आपल्याकडे सही कुणी करावी? माझं मत स्पष्ट आहे. करार राज्याच्या ग्रंथालय संचालनालयानं करावा, पण पुस्तकं जिल्ह्यानं निवडावीत. जिल्हा ग्रंथालय संघ आणि शासकीय जिल्हा ग्रंथालय ही दोन्ही ठिकाणं त्यासाठी आधीच आहेत. निवडही वरूनच झाली, तर वरून येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांचं जे होतं तेच होईल. कपाट भरतं, वाचकाला हवं ते पुस्तक त्यात असेलच असं नाही.

एक अडचण मात्र आधी सोडवायला हवी. ग्रंथालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या मोजली जाते. सामाईक ई-पुस्तकाला कुठल्याच एका ग्रंथालयाचा दाखल क्रमांक नसतो. तपासणीत ते मोजलं गेलं नाही, तर कार्यकारी मंडळ म्हणेल, ज्याची नोंदच होत नाही त्यावर पैसा का घालायचा? सामाईक संग्रहातला हिस्सा तपासणीत धरला जाईल असा आदेश निघाल्याशिवाय ही गाडी पुढं सरकणार नाही.

६. कॉलेजांनी हे करून दाखवलं आहे

एकत्रित खरेदी आपल्या भागाला नवी नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातली अनेक महाविद्यालयं एन-लिस्ट या योजनेतून वर्षाला अल्प शुल्क भरून लाखभराहून जास्त ई-पुस्तकं आणि हजारो नियतकालिकं वापरतात. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था सगळ्यांच्या वतीनं प्रकाशकांशी बोलते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिकं, सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी.

पण पदवी हातात पडली की लॉगिन बंद. शेतकरी, दुकानदार, गृहिणी, बारावीची मुलगी, यांच्यासाठी या दालनाचं दार नाही. त्यांचं ठिकाण सार्वजनिक ग्रंथालय, आणि तिथंच ही सोय पोचलेली नाही. मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे ॲप मोफत आहे, दृष्टिहीनांसाठी २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय आहे. प्रौढ मराठी वाचकाला नवी कादंबरी ग्रंथालयामार्फत फोनवर मिळणं मात्र अजून बाकी आहे.

७. एक लेखक, दोन नोंदी

सामाईक संग्रहाचा पाया म्हणजे सामाईक सूची. हे काम बाहेरून सोपं दिसतं, करायला बसलं की वेळ खातं. एका ग्रंथालयात नोंद असते ‘दासगणू महाराज’, दुसऱ्यात ‘सहस्रबुद्धे, गणेश दत्तात्रेय’. माणूस एकच. परभणीच्या बी. रघुनाथांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. एकानं ‘बी’खाली लावलं, दुसऱ्यानं ‘कुलकर्णी’खाली. संगणकाला हे दोन लेखक वाटतात. ‘कुरुंदकर’ हे आडनाव टंकताना एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला, तरी शोध कोरडा परत येतो. म्हणून आधी नावांची एक प्रमाण यादी करावी लागते, आणि तीत पर्यायी नावं एकमेकांना जोडावी लागतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली एकत्रित सूचीची सोय देते, पण बी. रघुनाथ कोण, हे तिला माणसानंच सांगावं लागतं.

फाइलचंही तसंच. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची बहुतेक मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या त्या काळच्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. ती युनिकोड नाहीत. तसली फाइल उघडून मजकूर दुसरीकडं चिकटवला, की पडद्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. म्हणून प्रकाशक पानांची चित्रं काढून पीडीएफ देतात. अशा पुस्तकात शब्द शोधता येत नाही, आणि छोट्या फोनवर प्रत्येक ओळ डावी-उजवीकडं सरकवत वाचावी लागते. दहा पानांत डोळे शिणतात आणि वाचक म्हणतो, ई-पुस्तक आपल्यासाठी नाही. खरं तर ती फाइल वाचण्याजोगी नव्हती. करारातच अट घालावी, की पुस्तक युनिकोडात आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडणारं हवं. सव्वीस तालुक्यांचं गिऱ्हाईक अशी अट घालू शकतं.

८. ज्यांना परवाना लागतच नाही

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं स्वामित्व हक्क राहतो. बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०१४ च्या आरंभी मुक्त झालं. उमरी तालुक्यातल्या गोरट्याशी नातं जडलेले दासगणू महाराज १९६२ मध्ये गेले, त्यांचं २०२३ च्या आरंभी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०४२ संपेपर्यंत हक्काखाली आहे. निलंग्यात जन्मलेले सेतु माधवराव पगडी १९९४ मध्ये गेले, त्यांचं २०५४ पर्यंत.

मुक्त झालेल्या पुस्तकाला रांग नाही आणि मुदतही नाही. आरंभीच्या प्रश्नातली फाइल ती हीच, एकदा नीट तयार केली की एकाच वेळी हव्या तेवढ्या वाचकांना देता येते. फक्त नव्या आवृत्तीतल्या प्रस्तावनेला आणि टिपांना त्यांचा स्वतंत्र हक्क असतो, तेवढं सांभाळायचं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं, मराठी विश्वकोश, जिल्हा गॅझेटियर हे सगळं संकेतस्थळांवर मोफत आहेच. सामाईक सूचीत त्यांच्या नोंदी घातल्या, तर पहिल्याच दिवशी संग्रह रिकामा दिसणार नाही. हक्काखालच्या पुस्तकाची प्रत मोडकळीला आली असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायची मुभा सार्वजनिक ग्रंथालयाला कायदा देतो. ती प्रत वाटता मात्र येत नाही.

मराठी माणसाला सामाईक पुस्तकं फिरवायची सवय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ मध्ये नाशिकला सुरू झालेल्या उपक्रमात पंचवीस पुस्तकांची पेटी एका गटाकडून दुसऱ्याकडे जाते आणि ती परदेशांपर्यंत पोचली आहे. पेटी सांभाळणारी माणसं ठरलेली होती, म्हणून ते चाललं.

तुम्ही नांदेड किंवा लातूर जिल्ह्यात कुठल्याही ग्रंथालयाचे सभासद असाल, तर येत्या वार्षिक सभेत एक ठराव मांडा: आमचं ग्रंथालय सामाईक ई-पुस्तकसंग्रहात यायला तयार आहे आणि त्यासाठी वर्षाला अमुक रुपये बाजूला ठेवेल. रक्कम पाचशे असली तरी चालेल. ठरावाची प्रत जिल्हा ग्रंथालय संघाला आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना पाठवा. आणि घरातल्या ट्रंकेत तुमच्या भागातल्या जुन्या लेखकाचं पुस्तक पडलं असेल, तर त्याच्या पहिल्या पानाचा फोटो काढून ग्रंथपालाला दाखवा. ते पुस्तक कदाचित दुसऱ्या कुठल्याही ग्रंथालयात उरलेलं नसेल.